फॅमिली डॉक्टरला पैसे कोण देतं?

संध्याकाळी सातच्या सुमाराला घाटकोपरच्या असल्फा किंवा भटवाडीच्या गल्लीत शिरलं की दवाखाना शोधावा लागत नाही. दाराबाहेरचा चपलांचा ढीगच पत्ता सांगतो. आत भिंतीला लागून दोन बाकं, मधे पडदा किंवा अर्धी काच आणि तिच्याआड डॉक्टर. नंबर आला की डॉक्टर घसा बघतात, पाठीला स्टेथोस्कोप लावतात, दोन-तीन प्रश्न विचारतात आणि चिठ्ठी कंपाउंडरकडे सरकवतात. कंपाउंडर टेबलावर कागदाचे चौकोनी तुकडे मांडतो, प्रत्येकावर एक पांढरी, एक पिवळी आणि अर्धी गुलाबी गोळी टाकतो आणि सहा पुड्या बांधतो. खोकल्याचं पातळ औषध बाटलीत ओततो. ‘दोन दिवसांचं आहे. ताप उतरला नाही तर परवा या.’ पैसे तिथेच द्यायचे, रोख किंवा भिंतीवरच्या क्यूआर कोडवर.

या व्यवहारात तपासणीचे किती, गोळ्यांचे किती आणि सल्ल्याचे किती, हे कुणी वेगळं विचारत नाही आणि सांगत नाही. आकडा एकच असतो. वस्ती, पदवी आणि दवाखान्याची जागा यांप्रमाणे तो बदलतो. असल्फ्यात तो पुड्यांसकट असतो. अंधेरी पश्चिमेला किंवा बोरिवलीच्या मोठ्या सोसायट्यांच्या भागात फक्त तपासणीचा असतो आणि औषधं केमिस्टकडून वेगळी घ्यावी लागतात. मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ९३ लाख ५६ हजार होती. एवढ्या माणसांच्या सर्दी-तापापासून मधुमेहापर्यंतच्या उपचारांचा पहिला भार प्रामुख्याने याच छोट्या दवाखान्यांवर आहे. तो भार ते ज्या पैशावर उचलतात, त्या पैशाची वाट मात्र फारशी तपासली जात नाही.

डॉक्टरने स्वतःच औषध देण्याच्या पद्धतीला कायद्याचा आधार आहे. औषध विकायला परवाना लागतो, पण औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांतल्या ‘के’ अनुसूचीने नोंदणीकृत डॉक्टरला त्यातून सूट दिली आहे. स्वतःच्या रुग्णाला तो औषध देऊ शकतो, मात्र दुकान उघडून येईल त्याला विकू शकत नाही. फीबद्दलही नियम आहेत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरने आपली फी दवाखान्यातल्या फलकावर स्पष्ट लावायची असते. ‘बरं वाटलं तरच पैसे द्या’ असा करार करणं याच संहितेने अनैतिक ठरवलं आहे. कारण डॉक्टर आपलं कसब आणि वेळ देतो, गुण येईलच याची हमी देऊ शकत नाही. फीच्या बदल्यात मिळणारी वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या खटल्यात स्पष्ट केलं. तेव्हापासून काउंटरवरच्या त्या नोटेला कायद्याच्या दृष्टीनेही वजन आलं.

आता हिशेब मांडून पाहू. आकडे गृहीत धरलेले आहेत, प्रत्येक दवाखान्याचे वेगळे असणार. समजा, दिवसाला ४० रुग्ण, औषधासह फी १५० रुपये, महिन्याचे २५ दिवस. गल्ला होतो दीड लाख. औषधांवर ५० हजार गेले, रस्त्यालगतच्या छोट्या गाळ्याचं भाडं ३५ हजार, कंपाउंडरचा पगार १५ हजार, वीज, जैविक कचऱ्याची उचल, नोंदण्या आणि किरकोळ असे १० हजार. हातात राहतात ४० हजार. रजा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. डॉक्टर स्वतः आजारी पडला की त्या दिवशी कमाई शून्य.

ही कमाई वाढवण्याचे रस्ते मोजकेच आहेत. फी वाढवावी तर शेजारच्या गल्लीत दुसरा दवाखाना आहे. मग रुग्ण वाढवायचे. सकाळ-संध्याकाळ मिळून पाच तास धरले, तर ४० रुग्णांना प्रत्येकी साडेसात मिनिटं मिळतात. ८० रुग्णांना चार मिनिटंही मिळत नाहीत. चार मिनिटांत ताप बघून होतो. रात्री झोप का लागत नाही, साखर का वाढते आहे, नवऱ्याची दारू कशी सोडवायची, हे बोलायला वेळ उरत नाही. दुसरा रस्ता म्हणजे फीला जोड देणं: एखादं इंजेक्शन, एखादं सलाईन. ‘सुई दिली नाही तर डॉक्टरने काय केलं?’ असं मानणारे रुग्ण आहेतच, म्हणून या रस्त्याला विरोधही होत नाही. गरज नसताना दिलेलं सलाईन हा त्या डॉक्टरचा दोष आहेच. पण सल्ल्याला किंमत न देणाऱ्या पद्धतीचाही त्यात वाटा आहे. समजावून सांगण्यात घालवलेल्या पंधरा मिनिटांचे पैसे इथे कुणीच देत नाही. बाटलीचे आणि सुईचे मात्र आनंदाने देतात.

तिसरा रस्ता दवाखान्याबाहेर जातो. रुग्णाला तज्ज्ञाकडे, लॅबकडे किंवा स्कॅन सेंटरकडे पाठवायचं आणि तिथल्या बिलाचा काही भाग परत घ्यायचा. मुंबईत याला ‘कट’ म्हणतात. २००२च्या आचारसंहितेने असं कमिशन देणं आणि घेणं दोन्ही निषिद्ध ठरवलं आहे. तरी ते चालतं, हे डॉक्टरांनीच नोंदवलं आहे. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी महाराष्ट्रासह देशभरातल्या ७८ डॉक्टरांशी बोलून खासगी वैद्यकीय व्यवसायाचं चित्र मांडलं. ते २०१६मध्ये ‘डिसेंटिंग डायग्नोसिस’ या इंग्रजी पुस्तकातून देशभर पोहोचलं. पुढच्याच वर्षी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एशियन हार्ट इन्स्टिट्यूटने ‘डॉक्टरांना कमिशन नाही’ अशा अर्थाचे फलक मुंबईत लावले आणि वादळ उठलं. इंडियन मेडिकल असोसिएशनने फलकांना हरकत घेतली. सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि कट प्रॅक्टिस रोखणाऱ्या कायद्याचा मसुदा तयार झाला. तो मसुदा कायदा होऊ शकला नाही.

कट न घेणारा डॉक्टर आपली कमाई स्वतःच्या हाताने कमी करत असतो, हे रुग्णाला सहसा दिसत नाही. ‘आमचे डॉक्टर उगाच कुठे पाठवत नाहीत’ असं अनेक कुटुंबं अभिमानाने सांगतात. त्या प्रामाणिकपणाचा खर्च त्या डॉक्टरच्या घरातून होत असतो.

यामुळेच असेल, एमबीबीएस झालेले तरुण फॅमिली डॉक्टर व्हायला फारसे राजी नसतात. बहुतेकांचं लक्ष एमडी, एमएसच्या जागेवर असतं. पागडीच्या खोलीत तीस-पस्तीस वर्षं चाललेला दवाखाना मुलगा किंवा मुलगी पुढे चालवत नाही आणि इमारत पुनर्विकासाला गेली की त्याची पाटी कायमची उतरते. वस्त्यांमध्ये ती जागा आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या पदवीधरांनी भरून काढली आहे. होमिओपॅथीच्या डॉक्टरांना औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर आधुनिक औषधं देता यावीत, यासाठी महाराष्ट्राने २०१४मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. त्यावरचा वाद आजही धगधगता आहे. पण रात्री साडेदहाला तापाने फणफणलेलं मूल घेऊन आलेल्या आईला डोंगरउतारावरच्या वस्तीत दार उघडं मिळतं, ते बहुधा यांचंच.

मग आरोग्यविमा कुठे आहे? तो आहे, पण तो दवाखान्याच्या दारात येत नाही. बाजारातल्या बहुतेक पॉलिसी रुग्णालयात भरती झाल्यावरच जाग्या होतात. महाराष्ट्र सरकारची जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत मुंबई शहर आणि उपनगर होते. आज ती महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. २०१८मध्ये आलेल्या केंद्राच्या आयुष्मान भारतने वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांचं संरक्षण दिलं. दोन्ही योजनांनी मोठ्या शस्त्रक्रियांत कित्येक घरं कर्जापासून वाचवली. मात्र मुलुंडच्या रिक्षाचालकाचा रक्तदाब दर महिन्याला मोजायचे आणि त्याच्या गोळ्या बदलायचे पैसे या योजनांतून मिळत नाहीत. पक्षाघात होऊन तो भरती झाला की मिळतात.

देशाच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत २०१३-१४ साली एकूण आरोग्यखर्चाचा ६४.२ टक्के हिस्सा लोकांच्या खिशातून जात होता. २०२१-२२मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आलं. सुधारणा मोठी आहे. पण दवाखान्याचा रोजचा खर्च अजून खिशातूनच होतो, आणि तो थोडा थोडा होत असल्यामुळे त्याची बेरीज घरात कुणी मांडत नाही.

फॅमिली डॉक्टरला निराळ्या रीतीने पैसे देण्याचा प्रयोग मुंबईत सत्तर वर्षांपूर्वीच झाला आहे आणि उपनगरांतल्या हजारो कामगार कुटुंबांनी तो अनुभवला आहे. त्याची सुरुवात एका अर्थतज्ज्ञाच्या अहवालापासून होते. औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविमा योजना आखायचं काम सरकारने मार्च १९४३मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे दिलं. १९४४मध्ये त्यांनी अहवाल दिला. त्याच्या पायावर १९४८चा कामगार राज्य विमा कायदा उभा राहिला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली आणि १९५४मध्ये ती मुंबईत आली.

मुंबईत नवे सरकारी दवाखाने बांधत बसण्याऐवजी असलेल्या खासगी डॉक्टरांनाच योजनेत घेतलं गेलं. कामगार त्यांना ‘पॅनेल डॉक्टर’ म्हणू लागले. पद्धत साधी होती. कामगाराने आपल्या घराजवळचा, यादीतला एक डॉक्टर निवडायचा आणि त्याच्याकडे नाव नोंदवायचं. डॉक्टरला प्रत्येक नोंदलेल्या नावामागे वर्षाला ठरलेली रक्कम मिळणार. कामगार वर्षात एकदा आला काय, वीसदा आला काय, रक्कम तीच. कामगाराच्या खिशाला हात लागत नाही. रजेसाठीचा दाखलाही पॅनेल डॉक्टरच देणार. त्या दाखल्याचं मोल मोठं होतं, कारण आजारपणाच्या काळात मजुरीचा हिस्सा त्यावरच मिळायचा. आजच्या नियमांनी वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के इतका भत्ता मिळतो.

मुलुंड-भांडुपच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर आणि अंधेरीच्या मरोळ औद्योगिक वसाहतीत कारखान्यांचे भोंगे वाजत होते, तेव्हा पाळी सुटल्यावर कामगार अशा पॅनेल डॉक्टरकडे जायचे. मोठ्या आजारासाठी मुलुंड, कांदिवली आणि अंधेरी इथे कामगार रुग्णालयं उभी राहिली. पुढे गिरण्या आणि कारखाने बंद पडत गेले, त्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आले आणि त्याबरोबर डॉक्टरांच्या याद्याही आटल्या. पॅनेल पद्धत मात्र आजही जिवंत आहे. मॉलमधला सुरक्षारक्षक, सिप्झमधला दागिने घडवणारा कारागीर, हाउसकीपिंग कंपनीची कामगार, महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेले असे लाखो लोक या विम्यात येतात.

पैशाचा हिशेब इथे उघड आहे. जुलै २०१९पासून कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. पगार १५ हजार असेल तर कामगाराचे ११२ रुपये ५० पैसे, मालकाचे ४८७ रुपये ५० पैसे, मिळून महिन्याला ६०० रुपये. वर्षाचे ७,२०० झाले. त्यातून डॉक्टर, औषधं, रुग्णालय, बाळंतपण, आजारपणाचा भत्ता आणि कामावरच्या अपघाताची भरपाई असं सगळं येतं. पगाराच्या चिठ्ठीवर ‘ईएसआय’ म्हणून कापलेली ही रक्कम बहुतेकांना दिसते. पण त्यात एक घरचा डॉक्टरही विकत घेतला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. तेच लोक असल्फ्याच्या दवाखान्यात पुन्हा दीडशे रुपये मोजतात.

पॅनेल पद्धतीचे दोष कामगारांनी भोगलेही आहेत. वर्षाची रक्कम आधीच ठरलेली असली की रुग्ण जितका कमी येईल तितकं डॉक्टरला बरं, असा उलटा ओढा तयार होतो. दरडोई रक्कम महागाईच्या मागे राहिली आणि वेळेवर आली नाही, तर डॉक्टरचा रस संपतो. काही दवाखान्यांत रोख पैसे देणारा आधी आत जायचा आणि ‘विमावाला’ बाकावर थांबायचा. काही डॉक्टरांकडे रुग्ण उपचारापेक्षा दाखल्यासाठीच जास्त यायचे. ही दुखणी खरी आहेत. तरीही या पद्धतीने एक गोष्ट साधली होती, जी रोखीच्या दवाखान्याला साधता येत नाही: प्रत्येक डॉक्टरकडे आपल्या माणसांची यादी होती आणि प्रत्येक माणसाकडे आपल्या डॉक्टरचं नाव होतं.

ही कल्पना मूळची ब्रिटनची. लॉइड जॉर्ज यांनी १९११च्या राष्ट्रीय विमा कायद्याने कमी पगाराच्या कामगारांना पॅनेल डॉक्टर दिला. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा तो हक्क सगळ्या नागरिकांना मिळाला. दरडोई रकमेने डॉक्टर सुस्तावू नये म्हणून २००४च्या करारात तिथे नवी जोड दिली गेली. रक्तदाब, मधुमेह, दमा अशा रुग्णांची नोंद ठेवणं, ठरल्या वेळी तपासणी करणं आणि आकडे आटोक्यात आणणं यासाठी दवाखान्याला वेगळे पैसे मिळू लागले. थायलंड भारतासारखाच मध्यम उत्पन्नाचा देश. त्याने २००१-०२मध्ये ‘३० बाट’ची योजना आणली. रुग्णाने एका भेटीचे ३० बाट द्यायचे आणि उरलेला खर्च सरकारने दरडोई हिशेबाने स्थानिक रुग्णालय आणि त्याच्याशी जोडलेल्या केंद्रांना द्यायचा. डॉक्टरच्या दारात पैसे नाहीत म्हणून कुणी परतू नये, हा दोन्ही ठिकाणचा हेतू होता.

मुंबईत तिसरी पद्धत पगाराची आहे. महापालिकेच्या दवाखान्यांतले डॉक्टर पालिकेचे नोकर, त्यांना रुग्ण मोजून पैसे मिळत नाहीत. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठीच्या सीजीएचएस केंद्रांतही डॉक्टर पगारी असतात आणि कर्मचारी आपल्या वेतनश्रेणीप्रमाणे महिन्याला २५० ते १,००० रुपये भरतात. पगारी डॉक्टरला जादा इंजेक्शन देण्याचा मोह नाही, कटचं कारण नाही. पण रांग वाढली तरी पगार तोच, म्हणून रांग लवकर संपवण्याची घाई होऊ शकते. पालिकेच्या जुन्या दवाखान्यांची मोठी अडचण वेळेची होती. नाका कामगार, घरकाम करणाऱ्या बाया, दुकानातले नोकर मोकळे होईपर्यंत दार बंद झालेलं असायचं. रोज बुडवून फुकट औषध घेण्यापेक्षा संध्याकाळी दीडशे रुपये देणं त्यांना स्वस्त पडायचं.

नोव्हेंबर २०२२मध्ये सुरू झालेल्या हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना या योजनेने नेमकी ही गाठ सोडवायचा प्रयत्न केला. सकाळी ७ ते दुपारी २ आणि दुपारी ३ ते रात्री १० अशी वेळ ठेवली. तपासणी, औषधं आणि १४७ प्रकारच्या चाचण्या मोफत केल्या. जागा नसेल तिथे पोर्टाकेबिन उभ्या केल्या. घाटकोपर-मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत वस्त्यांजवळ हे दवाखाने दिसू लागले आणि लोकांनी ते वापरले. इथले डॉक्टर मात्र बहुतांशी कंत्राटी आहेत. कंत्राट संपलं किंवा पदव्युत्तर प्रवेश मिळाला की ते जातात. त्यामुळे सहा महिन्यांनी गेलेल्या रुग्णाला नवा चेहरा भेटतो आणि जुनी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. फुकट सेवा मिळते, पण घरचा डॉक्टर मिळत नाही. महापालिकेच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पात आरोग्यासाठी सुमारे ७,३८० कोटी रुपये होते. एवढा खर्च होत असताना दवाखान्यातला एक डॉक्टर पाच वर्षं एका जागी टिकावा, यासाठी त्यातलं किती राखलं जातं, हा प्रश्न नागरिकांनी नगरसेवकांना विचारायला हवा.

डॉक्टरने माणसाला ओळखणं ही आता चैनीची गोष्ट राहिलेली नाही, कारण आजारच बदलले आहेत. महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने २०२१मध्ये केलेल्या पाहणीत १८ ते ६९ वयोगटातल्या मुंबईकरांपैकी सुमारे ३४ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आढळला आणि सुमारे १८ टक्के लोकांची उपाशीपोटीची साखर वाढलेली होती. हे दोन दिवसांच्या पुड्यांचे आजार नाहीत. तीन महिन्यांनी साखर बघायची, पायाची बोटं तपासायची, डोळ्याच्या डॉक्टरकडे पाठवायचं आणि गोळी बंद केली तर फोन करून विचारायचं, असं वीस-पंचवीस वर्षं चालणारं काम आहे. बरं वाटत असताना माणूस दवाखान्यात येत नाही. तो आला नाही तर रोखीवर चालणाऱ्या डॉक्टरला काही मिळत नाही, आणि न आलेल्या रुग्णाला फोन करण्याचे पैसे तर कुणीच देत नाही.

कोविडने हीच उणीव उघडी पाडली. २०२०च्या एप्रिलमध्ये अनेक दवाखाने बंद झाले आणि सरकारने ते उघडायला लावले. मे महिन्यात मुंबईतल्या ५५ वर्षांखालच्या खासगी डॉक्टरांनी निदान १५ दिवस सेवा द्यावी, असा आदेश निघाला. पीपीई किट न परवडणाऱ्या कितीतरी डॉक्टरांनी रेनकोट चढवून रुग्ण तपासले. केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर केला होता. स्वतःच्या दवाखान्यात काम करताना गेलेल्या खासगी डॉक्टरच्या कुटुंबाला तो लागू होतो का, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात न्यावा लागला. साथीत सरकारने त्यांना आपलं म्हटलं, पण त्यांची जबाबदारी घेण्याची यंत्रणा तयार नव्हती.

मात्र सरकार आणि गल्लीतला डॉक्टर यांच्यात पैशाचा सांधा जुळू शकतो, हे क्षयरोगाने दाखवून दिलं आहे. तेही मुंबईतच. मुकुंद उपलेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी १९९१मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत काम करणाऱ्या सुमारे १०० खासगी डॉक्टरांना क्षयरोगावरचे उपचार लिहायला सांगितले, तर ८० वेगवेगळ्या पद्धती पुढे आल्या. २०१०मध्ये हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी पुन्हा तपासलं. १०६ डॉक्टरांनी ६३ प्रकारचे उपचार लिहिले आणि त्यांतल्या सहाच डॉक्टरांचे योग्य होते. या डॉक्टरांना पदवीनंतर शिकवायला औषध कंपनीच्या प्रतिनिधीशिवाय दुसरं कुणी येत नव्हतं. प्रशिक्षणाचे पैसेही कुणी देत नव्हतं.

२०१४मध्ये ‘पाथ’ या संस्थेने महापालिकेच्या साथीने मुंबईत नवी व्यवस्था सुरू केली. खासगी डॉक्टर स्वेच्छेने तीत आले. संशयित रुग्णाला डॉक्टरने एक व्हाउचर क्रमांक द्यायचा. तो दाखवून रुग्णाने ठरलेल्या लॅबमध्ये तपासणी करायची आणि ठरलेल्या केमिस्टकडून औषध घ्यायचं. बिल कार्यक्रमाने भागवायचं. रुग्ण आपल्याच डॉक्टरकडे राहिला, डॉक्टरचा रुग्ण तुटला नाही आणि उपचार प्रमाणित झाले. क्षयरुग्णाची नोंद सरकारला कळवणं २०१२पासून बंधनकारक आहे. आज देशभर खासगी डॉक्टरला ‘निक्षय’ या सरकारी पोर्टलवर रुग्ण नोंदवल्याबद्दल ५०० रुपये आणि उपचार पूर्ण होऊन निकाल कळवल्याबद्दल आणखी ५०० रुपये मिळतात. सरकार इथे डॉक्टरला गोळीचे पैसे देत नाही. नोंद ठेवण्याचे आणि रुग्ण शेवटपर्यंत टिकवण्याचे देतं. पुड्यांच्या दवाखान्यात नेमकं हेच काम विनामोल राहिलं होतं.

मधुमेह आणि रक्तदाबासाठी असंच करून पाहणं मुंबईला शक्य आहे. घाटकोपरचा एन विभाग किंवा मुलुंडचा टी विभाग घ्यावा. तयार असलेल्या फॅमिली डॉक्टरांकडे त्या भागातल्या रुग्णांनी नाव नोंदवावं. तपासण्या आपला दवाखान्याच्या लॅबमधून व्हाव्यात आणि औषधं पालिकेने द्यावीत. डॉक्टरला प्रत्येक नावामागे वर्षाची ठरलेली रक्कम मिळावी आणि साखर, रक्तदाब आटोक्यात राहिला तर वर थोडी भर. फी फलकावर असावी, पावती द्यावी आणि कमिशन घेणारा डॉक्टर यादीतून जावा. पॅनेल पद्धतीत रक्कम गोठली आणि उशिरा आली, म्हणून ती महागाईशी जोडावी आणि तिमाहीच्या पहिल्या आठवड्यात खात्यात जमा व्हावी. हजार-पंधराशे नावं नोंदली गेली की महिन्याच्या उत्पन्नाचा एक भाग डॉक्टरला आधीच माहीत असेल, ८० रुग्णांच्या रांगेमागे धावायची गरज कमी होईल आणि त्या गाळ्यात दवाखाना पुढे चालवावा की नाही, याचा हिशेब त्याच्या मुलीलाही नव्याने मांडता येईल. रुग्णाची ऑनलाइन नोंद, डॉक्टरच्या खात्यात थेट पैसे आणि पाठपुरावा करणारे कर्मचारी, ही तिन्ही कामं महापालिकेचा क्षयरोग विभाग आजही रोज करतो आहे.